दुसरं मत घ्यायला निघण्याआधी: फाईल, स्लाईड, प्रश्न आणि मग प्रवास

निदान चुकलंय अशी शंका आली की आपल्याकडे बहुतेक घरांत एकच होतं: डॉक्टर बदलला जातो. गेवराईचा माणूस बीडला जातो, बीडचा संभाजीनगरला, तिथून कुणाच्या तरी ओळखीनं पुण्याला. प्रत्येक ठिकाणी रक्त नव्यानं, सोनोग्राफी नव्यानं, सांगणंही नव्यानं. जुनी फाईल मात्र घरी फडताळात. महिना जातो, उसनवारी होते आणि हातात चार दवाखान्यांच्या चार चिठ्ठ्या उरतात. याला दुसरं मत म्हणत नाहीत.

पहिल्या डॉक्टरांनी ज्या आधारावर निदान केलं तो सगळा आधार दुसऱ्या जाणकारानं पुन्हा तपासायचा, हे दुसरं मत. म्हणजे कागद, सीडी, तपासणीसाठी काढलेला तुकडा, रक्ताचे आकडे सगळं. हा आधार सोबत नेला नाही तर दुसरे डॉक्टरही अंदाजच बांधणार. गावाकडच्या रुग्णांबरोबर दवाखान्यांच्या रांगेत उभं राहण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. चूक होते ती बहुतेक वेळा क्रमात: लोक आधी गाडी ठरवतात आणि कागद शेवटच्या रात्री शोधतात.

## टप्पा १: थांबता येतं का, हे आधी ठरवा

काही दुखणी दुसऱ्या मतासाठी थांबत नाहीत. छातीत दाब येऊन घाम फुटणं, तोंड वाकडं होणं किंवा एक हात-पाय लुळा पडणं, साप चावणं, पोट दगडासारखं कडक होणं, गरोदर असताना रक्त जाऊन चक्कर येणं, पोराच्या अंडकोषात अचानक असह्य कळ उठणं, तापात माणूस बरळू लागणं. अशा वेळी १०८ लावा आणि जवळच्या सोयीच्या दवाखान्यात पोचा. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. हा वेळ "आधी आपल्या डॉक्टरला फोन करून बघू" यात घालवू नका.

'गॅस झालाय' म्हणून घरी पाठवलेल्या हार्ट अटॅकच्या हकिगती प्रत्येक तालुक्यात मिळतील. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी अटॅक नाही असं त्यावरून ठरत नाही. दुखणं चालूच असेल तर थोड्या वेळानं दुसरा ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी मागा. त्या क्षणी मिळवायचं दुसरं मत एवढंच, आणि ते त्याच खाटेवर मिळतं.

बाकीच्या आजारांत डॉक्टरांना सरळ विचारा: "साहेब, हे ऑपरेशन किंवा औषध दोन आठवडे उशिरा सुरू केलं तर काय बिघडेल?" नेमकं कारण सांगितलं तर ते लिहून घ्या. नुसतं "उशीर केलात तर आम्ही जबाबदार नाही" असं उत्तर आलं तर दुसरं मत घ्यायचं कारण आणखी पक्कं झालं. बऱ्याच गाठींच्या कॅन्सरमध्ये एक-दोन आठवडे नीट तपासणीत गेले तर चालतं. रक्ताच्या तीव्र कॅन्सरमध्ये चालत नाही. म्हणून हा प्रश्न विचारायचाच.

सावध: शंका आली म्हणून चालू गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. फिटच्या, बीपीच्या, रक्त पातळ करणाऱ्या, टीबीच्या गोळ्या, इन्सुलिन, आणि बरेच दिवस चाललेलं स्टेरॉईड अचानक तोडलं तर मूळ दुखण्यापेक्षा मोठं संकट ओढवू शकतं. काय थांबवायचं ते दुसरे डॉक्टर सांगतील.

## टप्पा २: शंका कशाची आहे, ती एका ओळीत लिहा

"काहीतरी चुकतंय" एवढ्यावर कुठलाही डॉक्टर फारसं करू शकत नाही. शंका तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा.

पहिली शंका निदानाची. टायफॉईड म्हणाले, पण तीन आठवडे गोळ्या खाऊनही ताप उतरला नाही. टायफॉईडचं निदान एकट्या 'विडाल' या रक्ततपासणीवर झालं असेल तर शंका रास्तच आहे. आपल्यासारख्या भागात जुन्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच तापात विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्रीची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणं, आणि ती अँटिबायोटिक सुरू होण्याआधी केलेली बरी. गळ्यातल्या गाठीचंही तसंच. सुईनं पेशी काढून केलेल्या तपासणीत 'ग्रॅन्युलोमा', म्हणजे सुजेच्या पेशींचा पुंजका, आलं की टीबीची औषधं लगेच सुरू होतात. पण ग्रॅन्युलोमा इतर आजारांतही दिसतो. टीबीचा जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते. ती झाली होती का, एवढा एकच प्रश्न पुष्कळ ठिकाणी गुंता सोडवतो.

दुसरी शंका उपचाराची. निदान पटतं, ऑपरेशन पटत नाही. मराठवाड्यात यात पहिला नंबर गर्भाशयाच्या पिशवीचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायांच्या पिशव्या काढण्याच्या प्रकाराची २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं चौकशी केली. नीलम गोऱ्हे अध्यक्ष होत्या. तरी आजही दिवाळीच्या तोंडावर, उचल घेतल्यावर, "फडावर जायच्या आधी उरकून टाक" असं बायांना घरातूनच सांगितलं जातं. एका अक्कांसोबत मी गेलो होतो. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "पिशवी काढायला कुणी सांगितलं?" अक्का म्हणाल्या, "सोनोग्राफीवाल्यानं." रिपोर्टात लिहिलं होतं 'बल्की युटेरस', म्हणजे पिशवी आकारानं जरा मोठी, बस. अंगावरून पांढरं जाण्यावर आधी औषध असतं. जास्त रक्तस्रावावर गोळ्या असतात, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन असतं. "पुढं कॅन्सर होईल" अशी भीती घातली असेल तर पॅप स्मीअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, केली का, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासला का, हे विचारा. पिशवीबरोबर अंडाशयंही काढणार का, हाही प्रश्न विचारायचा. कमी वयात ती काढली की पाळी जाण्याचे सगळे त्रास आणि हाडांची झीज लवकर मागे लागते.

मणक्याचं ऑपरेशन याच रांगेतलं. चाळिशीनंतर एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसणं फार सामान्य आहे; ज्यांची कंबर कधी दुखली नाही त्यांच्याही एमआरआयमध्ये ती दिसते. पायातली ताकद कमी झाली आहे का, लघवी-संडासचा ताबा गेला आहे का, यावर घाई ठरते. ताबा गेला असेल तर मात्र त्याच दिवशी निघा, तो टप्पा १ चा मामला.

तिसरी शंका: निदानच झालेलं नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि त्रास तसाच. इथं त्याच शाखेचा दुसरा डॉक्टर गाठण्यापेक्षा जनरल फिजिशियनकडे, म्हणजे एमडी मेडिसिनवाल्याकडे परत जाणं बरं. सगळं अंग एकत्र बघणारा तोच.

तपासा: आयुष्यभराची गोळी सुरू होणार असेल, अवयव काढणार असतील, कॅन्सर म्हटलं असेल किंवा एकाच तपासणीवर निदान झालं असेल, तर दुसरं मत घ्यायचंच. त्रास नसताना शुगरचं निदान एकाच एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आकड्यावर झालं असेल तर रक्त किती आहे ते बघा. लोह कमी असलेल्या बाईचा हा आकडा खरोखरीपेक्षा जास्त येऊ शकतो.

## टप्पा ३: कागद आणि नमुने गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथं जाऊ द्या. प्रवासाची तारीख यानंतर.

दवाखान्याचे कागद. डिस्चार्ज कार्ड म्हणजे पूर्ण फाईल नव्हे. भरती होता तर आतले केसपेपर, रोजच्या नोंदी, ऑपरेशनची नोंद आणि दिलेल्या औषधांचा तक्ता असतो. त्याच्या प्रती मागायचा हक्क रुग्णाला किंवा त्यानं अधिकार दिलेल्या नातेवाईकाला आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपाव्या लागतात. अर्ज साधाच, दोन प्रतींत:

> प्रति, वैद्यकीय अधीक्षक / रुग्णालय प्रमुख
> विषय: उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती मिळणेबाबत
> महोदय, मी (नाव) आपल्या रुग्णालयात दि. ____ ते ____ आंतररुग्ण होतो/होते. आंतररुग्ण क्रमांक ____. मला संपूर्ण केसपेपर, ऑपरेशनची नोंद, औषधोपचाराचा तक्ता, सर्व तपासण्यांचे अहवाल यांच्या प्रती, तसेच सीडी आणि तुकड्याच्या स्लाईड व ब्लॉक मिळावेत. प्रतींचा खर्च भरण्यास तयार आहे.
> सही, तारीख, मोबाईल

एका प्रतीवर शिक्का, सही आणि 'प्राप्त' अशी नोंद घ्या. कारण लिहायची गरज नाही. "दुसरीकडे दाखवायचंय" असं काउंटरवर सांगून वाद ओढवू नका. विचारलंच तर "घरी जपून ठेवायला" म्हणा, तेही खरंच आहे. अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपा. तरीही टाळाटाळ झाली तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, महापालिका हद्दीत असाल तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. एवढं करायची वेळ सहसा येत नाही, शिक्क्याची प्रत बघितली की काम हलतं.

मूळ कागद विम्याच्या क्लेमला जाणार असतील तर आधी झेरॉक्स. नंतर ते परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

सीडी. एमआरआय आणि सीटीची फिल्म पुरत नाही. मशीनवर काढलेल्या शेकडो चित्रांतली निवडक चित्रंच फिल्मवर छापतात. ज्या सेंटरला स्कॅन काढला तिथून सीडी किंवा पेनड्राईव्हवर पूर्ण डेटा मागा. "डायकॉम फाईल द्या" म्हटलं की त्यांना कळतं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फिल्मचा फोटो कुठलाही जबाबदार रेडिओलॉजिस्ट निदानासाठी धरत नाही. सीडी तालुक्याच्या एखाद्या कॉम्प्युटरवर लावून उघडते का ते बघूनच निघा. रिकामी सीडी घेऊन मुंबईत परळच्या दवाखान्याच्या रांगेत उभं राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुकडा. गाठीचा किंवा अवयवाचा तुकडा तपासला असेल तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये दोन गोष्टी असतात: काचेच्या स्लाईड आणि मेणाचा ब्लॉक. कॅन्सरच्या दुसऱ्या मतात याला सगळ्यात जास्त वजन आहे. रिपोर्ट हे एका माणसानं त्या काचेकडे बघून लिहिलेलं मत. काच दुसऱ्यानं बघितली तर मत बदलू शकतं. ब्लॉक असेल तर त्यातून नव्या स्लाईड कापून पुढच्या विशेष तपासण्याही करता येतात, पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. लॅबमध्ये सही करून ब्लॉक मिळतो. घेताना ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतो का ते तिथंच बघा.

आता मे महिन्याची गोष्ट. ब्लॉक पॅराफिन मेणाचा असतो, ते मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं. उन्हात लावलेल्या मोटारसायकलची डिक्की किंवा जीपचा डॅशबोर्ड मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तेवढा तापू शकतो. माजलगावकडच्या एका बप्पांचा ब्लॉक त्यांच्या पुतण्यानं डिक्कीत टाकला आणि भर दुपारी रसवंतीवर गाडी उभी केली. लॅबच्या खिडकीतल्या बाईंनी पाकीट उघडलं तर मेण एका अंगानं बसलेलं, पाकिटावरचं नाव पुसलेलं. "हे कुणाचं, कसं ओळखू मी?" पुतण्या घामाघूम. सुदैवानं लॅबचा नंबर ब्लॉकच्या डबीवर कोरलेला होता. तेव्हा ब्लॉक आणि स्लाईड स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळा आणि तो डबा अंगाजवळच्या पिशवीत ठेवा.

सावध: ऑपरेशन व्हायचं असेल तर आधीच विचारून ठेवा की काढलेला भाग तपासणीला जाणार ना आणि फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, ठेवणार ना. नातेवाईकाच्या हातात तुकडा सलाईनच्या पाण्यात दिला तर तो खराब होतो. पिशवी काढली, गाठ काढली, तर ती तपासणीला गेलीच पाहिजे.

गोळ्या. चिठ्ठ्यांवर विसंबू नका. घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, मलम आणि गावातल्या डॉक्टरनं दिलेल्या बिननावाच्या पुड्यासुद्धा एका पिशवीत भरा. वैदूचा काढा, सांधेदुखीची पावडर, मेडिकलवाल्यानं दिलेली 'ताकदीची' गोळी, सगळं. अशा पुड्यांत स्टेरॉईड असू शकतं. स्टेरॉईड चालू असताना गाठीचा तुकडा काढला तर लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर, झाकला जाऊ शकतो. काही अँटिबायोटिकमुळे टीबी काही काळ दबतो. हे दुसऱ्या डॉक्टरांना कळलं नाही तर तेही पहिल्याच चुकीच्या रस्त्यानं जातील. लाज वाटून पुडी लपवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

## टप्पा ४: एका पानाची हकिगत

वीस पानांची फाईल ओपीडीत कुणी वाचत नाही. पहिल्या पानावर तारखेप्रमाणे लिहा: त्रास कधी सुरू झाला, आधी काय झालं, मग काय, कुठल्या औषधानं किती फरक पडला, काय वाढलं. तारीख आठवत नसेल तर 'पोळ्याच्या आसपास', 'सोयाबीन काढणीत' असंही चालतं. क्रम चुकू देऊ नका. वजन किती उतरलं ते आकड्यात लिहा. जुने आजार, ऑपरेशनं, कुठल्या औषधानं अंगावर पुरळ आलं, तंबाखू-दारू, शेतात फवारणी करता का, घरात कुणाला टीबी किंवा कॅन्सर झाला होता का, हे खाली.

या पानावर निदान लिहू नका. "मला टीबी आहे" असं सुरू केलं की ऐकणाऱ्याचं मन तिथंच अडकतं. "दोन महिने संध्याकाळी ताप येतो, गळ्यात दोन गाठी आहेत" असं लिहा. पहिलं निदान फाईलमध्ये आहेच, ते नंतर वाचतील.

तपासा: पानाखाली तीन प्रश्न लिहा, जास्त नको. तीनच्या पुढे गेलात की मोठ्या दवाखान्यात दोन प्रश्नांची उत्तरं राहूनच जातात.

## टप्पा ५: कुणाकडे आणि कुठं

पहिल्या डॉक्टरांनी स्वतःच सुचवलेला माणूस दुसऱ्या मतासाठी घेऊ नका. सगळेच वाईट असतात असं नाही, पण 'कट'चा, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलच्या कमिशनचा, धंदा आपल्या राज्यात इतका सरावाचा झालाय की रेफर चिठ्ठीच्या मागे काय आहे हे बाहेरून कळत नाही. ज्याला तुमच्यावर ऑपरेशन करायचं नाही, त्याचं मत जास्त मोकळं असतं. पिशवीच्या प्रश्नावर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातलं स्त्रीरोग युनिट, मणक्याच्या प्रश्नावर न्यूरोसर्जनबरोबर न्यूरॉलॉजिस्ट, अशी जोडी बघा.

मराठवाड्यात यासाठी लोकांना वाटतं तेवढं लांब जावं लागत नाही. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख संस्था, नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण महाविद्यालय, या चारही ठिकाणी सगळ्या मुख्य शाखांचे प्राध्यापक बसतात. कॅन्सरसाठी संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिव आणि लातूरच्या काही भागाला बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय जवळ पडतं. त्यापुढची पायरी मुंबईत परळचं टाटा कॅन्सर रुग्णालय. टाटाशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाईन सेवेवर कागद पाठवूनही मत मिळतं. मुंबईचं भाडं आणि मुक्काम परवडत नसेल तर आधी हे करून बघा. नांदेडकरांना हैदराबाद जवळ वाटतं, तेही ठीकच, फक्त पाठपुराव्याला किती वेळा जाता येईल याचा हिशेब आधी मांडा.

महाविद्यालयाच्या दवाखान्यात जाताना एक गोष्ट नवख्याला माहीत नसते: प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. पहिल्या दिवशी ज्या युनिटचा केसपेपर निघाला त्याच वारी पुढच्या वेळी जा, नाहीतर नवा डॉक्टर, नवी सुरुवात. सकाळी लवकर पोचा. रक्त द्यायला उपाशीपोटी यावं लागेल का, हे आधी विचारा. शुगरची गोळी घेणाऱ्यांनी उपाशी राहून गोळी घेऊ नये.

आजोबा, काका, मेव्हणा अशी जीप भरून नेऊ नका. रुग्ण आणि एक माणूस, फार तर दोन.

योजनेचं बघायचं असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, दवाखान्यात मदतीला आरोग्यमित्र बसतो. हेल्पलाईन १५५३८८. पहिल्या दवाखान्यात योजनेतून मंजुरी मागितली असेल तर ती कुठं अडकली आहे ते आरोग्यमित्राला विचारूनच बाहेर पडा.

भरती असताना दुसरं मत हवं असेल तर 'डामा'च्या कागदावर, म्हणजे 'सल्ल्याविरुद्ध घरी नेतो' अशी सही करून, एकदम उचलून नेऊ नका. आधी मागणी करा: बाहेरच्या तज्ज्ञाला इथं बोलवा, किंवा रेफर चिठ्ठी द्या. सलाईन आणि ऑक्सिजनवरचा माणूस काळीपिवळीत टाकून शंभर किलोमीटर नेणं हा जुगार आहे.

## टप्पा ६: खोलीत गेल्यावर

बोलणारा एकच. रुग्ण बोलू शकत असेल तर तोच. घरातल्यांनी कॅन्सर लपवून ठेवला असेल तर आत जायच्या आधी तो प्रश्न मिटवा. "त्यांना सांगू नका हं" असं डोळ्यांनी खुणावत झालेल्या तपासणीतून स्वच्छ मत मिळत नाही.

आधी त्रास सांगा, अंग तपासू द्या, मग फाईल द्या. "आधीच्या डॉक्टरनं वाटोळं केलं" अशी सुरुवात करू नका. ऐकणारा एकतर त्यांची बाजू घेतो किंवा तुम्हाला खूश करायला बोलतो. पहिल्या डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर त्यांना कशावरून तसं वाटलं असेल, हे मात्र विचारा. उत्तरावरून दुसऱ्या डॉक्टरांनी फाईल खरंच वाचली की नाही ते कळतं.

तीन प्रश्न बहुतेक वेळा हेच असतात:

१. हा आजार आहे असं कुठल्या पुराव्यावरून म्हणता, आणि दुसरं काय असू शकतं?
२. निदान पक्कं करायला आणखी एकच तपासणी करायची झाली तर कुठली?
३. काहीच केलं नाही तर तीन महिन्यांत काय होईल?

ओळखीच्या दबावानं फुकट मत घेऊ नका. फी भरा, मत कागदावर घ्या. तोंडी ऐकलेलं घरी पोचेपर्यंत अर्धं बदलतं. गावातल्या पारावर तर पूर्णच.

सावध: दुसरे डॉक्टर फाईल न उघडता "हे सगळं परत करा" म्हणाले तर का ते विचारा. जुना रिपोर्ट खराब आहे किंवा बराच काळ लोटला आहे, अशी कारणं रास्त असतात. "आमच्याच लॅबचं धरतो" हे एकटं कारण पुरेसं नाही.

## टप्पा ७: दोन मतं जुळली नाहीत तर

इथं लोक तिसरा, चौथा डॉक्टर गाठून मतमोजणी करू लागतात. ते करू नका. दोघांचं भांडण नेमकं कशावर आहे ते काढा. एक स्लाईडला टीबी म्हणतो आणि दुसरा लिम्फोमा, तर आणखी दोन फिजिशियन बघून उपयोग नाही. ब्लॉक मोठ्या पॅथॉलॉजी विभागात पाठवून विशेष तपासणी करणं हाच मार्ग. एमआरआयवर वाद असेल तर तिसरा माणूस रेडिओलॉजिस्ट हवा, सर्जन नको. निदान एकच आणि उपचारांवर मतभेद असतील तर बऱ्याचदा दोन्ही रस्ते चुकीचे नसतात. मग घरची परिस्थिती, वय, पुन्हा पुन्हा जाणं झेपेल का, यावर तुम्हीच ठरवायचं असतं.

दुसरं मत पहिल्याशी जुळलं तर प्रवास वाया गेला असं म्हणू नका आणि मनासारखं ऐकायला मिळेपर्यंत फिरतही राहू नका. उपचार सुरू करा.

## टप्पा ८: निदान चुकलंच होतं, असं ठरल्यावर

आधी योग्य उपचार सुरू होऊ द्या. तोपर्यंत मूळ कागद कुणालाच देऊ नका.

मग ठरवा की तक्रार करायची का. निदान चुकणं आणि हलगर्जीपणा या कायद्यात वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीच्या दिवसांत एका आजारासारखा दिसणारा दुसरा आजार भल्याभल्यांना चकवतो. त्या परिस्थितीत साधारण जाणकार डॉक्टरनं जे केलंच असतं ते यांनी केलं नाही, असं दुसऱ्या तज्ज्ञाच्या लेखी मतानं दाखवता आलं तर हलगर्जीपणा ठरतो. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. पैसे मोजून उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. डॉक्टरच्या वागणुकीबद्दलची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाते. दवाखान्यात जाऊन काचा फोडणं, डॉक्टरवर हात टाकणं यानं तुमचीच केस बुडते आणि तुमच्यावर गुन्हा दाखल होतो, तो वेगळाच.

तक्रार करायची नसली तरी पहिल्या डॉक्टरांना नवा रिपोर्ट नेऊन दाखवावा, असं मला वाटतं. चांगला डॉक्टर खुर्ची पुढं ओढून तो वाचतो. वाईट असेल तर तेही कळतं, आणि गावातल्या पुढच्या माणसाला कुठं पाठवायचं नाही एवढं ठरतं.

शेवटचं काम सगळेच विसरतात: चुकीचं निदान नोंदींमधून काढणं. टीबी नव्हता असं ठरलं तर ज्या क्षयरोग केंद्रात नाव नोंदवलं होतं तिथं नवा रिपोर्ट देऊन नोंद दुरुस्त करून घ्या. विमा कंपनीकडे 'शुगर' किंवा 'हृदयविकार' लागलेला असेल तर लेखी कळवा, नाहीतर पुढचा क्लेम 'आधीपासूनचा आजार' म्हणून अडकतो. आभा, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्यात चुकीचा रिपोर्ट जोडला गेला असेल तर तोही बघा. जुनी फाईल फाडू नका; तिच्या पहिल्या पानावर तारीख घालून 'हे निदान अमुक तारखेला बदललं, नवा रिपोर्ट मागे जोडला आहे' असं लिहा. चुकीच्या आजाराच्या उरलेल्या गोळ्या कपाटातून काढून टाका, कारण पुढच्या तापात घरातलं कुणीतरी त्याच पट्टीतली गोळी काढून देतं.